दुसरा ब्रेक

माझ्या गाडीत दोन ब्रेक आहेत.
एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या.
बावीस वर्षं डावीकडे बसून
मी कर्वे रोडवरची माणसं वाचवतो आहे
आणि दर महिन्याला दहा-बारा नवे चालक
त्याच रस्त्यावर सोडतो आहे.
हिशेब कुठे जुळतो, विचारू नका.

मंदाकिनी भालेघरे, वय एकसष्ट,
पहिल्या दिवशी स्टिअरिंगला नमस्कार करून बसल्या.
म्हटलं, मावशी, आत्ता कशाला हे?
म्हणाल्या, "नळस्टॉपला रस्ता ओलांडता येत नाही हो.
औषधाचं दुकान समोर, मी अलीकडे.
परवा पंचवीस मिनिटं उभी होते.
शेवटी रिक्षा केली. पलीकडे जायला.
त्यापेक्षा म्हटलं, गाडीच शिकावी."

मी हसलो. मग हाफ क्लच सांगायचा राहिला.

खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होत्या,
एकतीस वर्षं, सायकलवर.
भोंग्याआधी दापोडीच्या पुलावर
हँडलला हँडल लागायचं,
कॅरिअरवर डबे खुळखुळायचे,
आणि कुणाची चेन पडली
तर मागचे वीस जण थांबायचे,
शिव्या देत का होईना, थांबायचे.
हे सांगता सांगता त्यांनी गिअर टाकला.
दुसऱ्याऐवजी चौथा पडला.

रविवारी रस्ता बंद ठेवला, गाड्यांना,
सकाळी सात ते बारा.
पाच जणांची शिकवणी रद्द.
दोघांनी त्या दिवसाचे पैसे परत मागितले.

मी पायी निघालो. कुठे, ते ठरवलं नव्हतं.
मेट्रोचे खांब एवढे जाड असतात?
काचेतून ते फक्त चुकवायचे असतात.
कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर
कुकरची शिट्टी झाली
आणि मला ऐकू आली. कर्वे रोडवर.

बॅरिकेडला टेकलेला हवालदार
स्कूटरवाल्याला सांगत होता, "तुम्हीसुद्धा."
"आम्हीसुद्धा?"
एवढा धक्का त्या माणसाला
लग्नातही बसला नसेल.

पडद्यांचे व्यापारी निमोणकर शटरपाशी उभे.
"रोज असं झालं तर गिऱ्हाईक काय उडत येणार?
आणि वडिलांचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा,
पाठीवर नेऊ त्यांना?"
मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.
शेजारी सरबतवाल्याकडे रांग लागली होती,
ती निमोणकरांनी पाहिली
आणि मग पाहिली नाही.

एक मुलगी कागद घेऊन आली.
"काका, गाडीशिवाय शहर चालेल का?
होय, नाही, सांगता येत नाही."
मी म्हटलं, गाडी नसेल तर चालेलच की,
दुसरं काय करणार?
तिनं न हसता तिसऱ्या चौकोनात खूण केली.
व्यवसाय विचारला. मी 'शिक्षक' सांगितलं.

आणि मग भालेघरेबाई दिसल्या.
रस्ता ओलांडत होत्या.
पलीकडे गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या.
हातात पिशवी नाही, औषधाची चिठ्ठी नाही.
मधे दुभाजकाच्या फटीत थांबून
सवयीनं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं,
आणि कुणीच त्यांच्या अंगावर येत नव्हतं
हे जरा वेळ तसंच पाहत राहिल्या.

मी हाक मारली. "काय मग, लायसन रद्द?"
त्या म्हणाल्या, "छे हो.
उद्या सोमवार आहे."

बाराला पाच कमी असतानाच
बॅरिकेड सरकवले.
पहिली आली ती लाल 'एल' लावलेली,
दुसऱ्या कुठल्या तरी स्कूलची,
धक्के खात, वायपर चालू, आकाश कोरडं.
बाई अजून मधेच होत्या.

माझा पाय आपोआप दाबला गेला,
घट्ट, टाचेपासून.

खाली नुसतं डांबर होतं.
ऊन लागून मऊ झालेलं.